डच भाषेची वाट मराठीतूनच

परभाषा शिकावयाची झाल्यास ती कोणत्या भाषेच्या आधाराने शिकावी, हा प्रश्न वरवर पाहणारास केवळ पंतोजींच्या अधिकारातला वाटेल. परंतु आमच्या नाशिकात सध्या ज्या रीतीने या प्रश्नाचे उत्तर कोणी न विचारताच गृहीत धरले जाते, ती रीत पाहता त्याचा संबंध शाळेपेक्षा घराशी अधिक आहे, अशी आमची खात्री झाली आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तो विद्वानांच्या सभेपुढे न नेता आमच्या नित्याच्या वाचकांपुढेच मांडीत आहो.

नाशिक आणि हॉलंड यांचे नाते आज कोणास नवे राहिलेले नाही. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षे थंड पेट्यांत बंद होऊन न्हावाशेवा बंदरातून निघतात ती रॉटरडॅमच्या धक्क्याला उतरतात. युरोपात जाणाऱ्या आमच्या द्राक्षांचा महादरवाजा तोच. द्राक्षांच्या मागोमाग आता माणसेही जाऊ लागली आहेत. संगणकाच्या आणि यंत्रविद्येच्या व्यवसायातील आमची मुले ऐन्धोवन, आम्स्टेलव्हेन अशा गावी नोकरीस राहतात. लग्न होऊन सुना तेथे जातात. नातवंडे तेथल्या शाळेत डच भाषेत बडबडगीते म्हणतात. सामान्यतः ज्यास त्या देशात कायमचे राहावयाचे आहे किंवा तेथील नागरिकत्व घ्यावयाचे आहे, त्यास डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्याने तर, ज्यांच्यावर ही परीक्षा बंधनकारक आहे त्यांच्यासाठी, पूर्वीची ‘ए-२’ ही पातळी वाढवून सर्वसाधारणपणे ‘बी-१’ अशी केली आहे. सारांश, डच भाषा ही आता आमच्यांपैकी पुष्कळ घरांत चैनीची वस्तू नसून गरजेची वस्तू झाली आहे.

आणि येथेच आमच्या तक्रारीचा आरंभ होतो. ही गरजेची वस्तू ज्यास हवी असेल, त्याच्या हाती आपण प्रथम काय देतो? इंग्रजीतून लिहिलेले डच भाषेचे पुस्तक! ज्या मुलीचे शिक्षण मराठी शाळेत झाले, जिला मराठी ग्रंथांची उत्तम गोडी आहे, जिचे संस्कृतही बऱ्यापैकी आहे, पण जिला इंग्रजीत बोलताना अडखळल्यासारखे होते, अशी मुलगी डच शिकू म्हणाली, तर घरची शहाणी माणसे तिला सांगतात की, “आधी इंग्रजी पक्के कर, मग डचकडे वळ.” म्हणजे नदी ओलांडण्यापूर्वी समुद्र ओलांडून ये! ती बिचारी आपल्यास भाषाच येत नाहीत असे समजून गप्प बसते. पुढे परदेशी गेल्यावर तिचा पाच वर्षांचा मुलगा शेजारणीशी खडखडीत डच बोलतो, शाळेतील बाई आईशी काय बोलल्या ते तोच आईस समजावून सांगतो, आणि आई आपल्याच मुलाच्या मागे दुभाष्याच्या आश्रिताप्रमाणे उभी राहते. हा मानभंग भाषेच्या कठीणपणामुळे झालेला नसून वाट चुकीची दाखविल्यामुळे झालेला आहे, हे आम्हांस या लेखात दाखवावयाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: डच वाक्याची घडण इंग्रजीपेक्षा मराठीस कितीतरी ठिकाणी जवळची आहे, म्हणून मराठी माणसाने डच भाषा मराठीच्या आधारानेच शिकली पाहिजे. इंग्रजीचा वळसा घालणे हे निरुपयोगी तर आहेच, पण अनेक ठिकाणी उघड अपायकारक आहे.

हे विधान ऐकून कित्येक सुशिक्षित गृहस्थ हसतील. ते म्हणतील, “डच ही इंग्रजीची सख्खी बहीण, तिचा आणि मराठीचा काय संबंध?” बहीण आहे हे आम्हांस मान्य आहे. पाण्यास, पुस्तकास, सफरचंदास दोन्ही भाषांत जवळजवळ एकच शब्द आहे, हेही मान्य आहे. परंतु शब्द म्हणजे भाषा नव्हे. विटांची रास म्हणजे घर नव्हे. इंग्रजीने आपल्या घराण्याची जुनी वाक्यरचना कित्येक शतकांपूर्वीच टाकून दिली. जुन्या इंग्रजीतही गौण वाक्यातील क्रियापद बहुधा शेवटीच येत असे. आज ते येत नाही. डच भाषेने मात्र ती चाल राखली आहे. तेव्हा बहिणीबहिणींचा चेहरा सारखा असला तरी चालण्याची ढब एकीची पालटली आहे, आणि भाषा शिकणारास चेहऱ्यापेक्षा ढबच अधिक शिकावी लागते.

आता प्रत्यक्ष प्रमाणाकडे वळू. डच अक्षरे वाचकांस अपरिचित असल्याने उदाहरणे आम्ही नागरीत देतो. डच ‘ग’चा उच्चार घशातून, खरखरीत ‘ख’सारखा होतो, म्हणून तेथे ‘ख’ लिहिला आहे.

प्रथम क्रियाविशेषणांचा क्रम घ्या. “मी उद्या आगगाडीने आम्स्टरडॅमला जातो,” हे वाक्य कोणीही मराठी माणूस विचार न करता बोलेल. यात आधी काळ, मग रीत, मग स्थळ असा क्रम आहे. इंग्रजीत हाच मजकूर सांगावयाचा तर सामान्यतः नेमका उलटा क्रम लागतो: मी जातो आम्स्टरडॅमला, आगगाडीने, उद्या. आता डच ऐका: “इक खा मॉर्खन मेत द त्रेइन नार आम्स्तरदाम.” शब्दशः अर्थ: मी जातो उद्या आगगाडीने आम्स्टरडॅमला. ‘जातो’ हे क्रियापद दुसऱ्या जागी जाऊन बसले, एवढे सोडले तर पुढचे सर्व वाक्य मराठी आहे! काळ, रीत, स्थळ हा डच भाषेचा साधारण नियम इंग्रजी पुस्तकांत चौकट काढून छापलेला असतो, आणि विद्यार्थी तो सनावळीसारखा पाठ करतो. मराठी मुलास तो पाठ करण्याचे कारणच नाही. तो त्याच्या जिभेवर जन्मापासून आहे. त्याला फक्त एवढेच सांगावयास हवे होते की, “बाळ, तुझाच क्रम ठेव.” पण आपण त्याला आधी स्वतःचा क्रम विसरून इंग्रजी क्रमाने विचार करावयास लावतो, आणि मग तो इंग्रजी क्रम उलटा करावयास सांगतो. एका दाराने बाहेर काढून दुसऱ्या दाराने त्याच खोलीत आणावयाचे, आणि वर या प्रदक्षिणेस शिक्षण म्हणावयाचे!

नकाराचेही तेच. “इक केन हेम नीत,” म्हणजे “मी त्याला ओळखत नाही.” डच ‘नीत’ आणि मराठी ‘नाही’ दोन्ही येथे वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत नकारासाठी आधी एक साहाय्यक क्रियापद उसने आणून मग त्यास नकार जोडावा लागतो. मराठीस ते ठाऊक नाही, डचलाही ठाऊक नाही. सर्वच वाक्यांत ‘नीत’ अगदी टोकाला येतो असे नाही, पण आरंभीच्या साध्या वाक्यांत मराठी कानाला तो आपल्या ओळखीच्या जागीच भेटतो.

विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या रूपांचा प्रश्न घ्या. इंग्रजी शिकताना विशेषणास शेपूट लावून क्रियाविशेषण करण्याचा पाठ आपण सर्वांनी गिरविलेला आहे. डचमध्ये तसली शेपटी सहसा नाही. ‘मोय’ म्हणजे सुंदर: गाणेही ‘मोय’ आणि गाणारी गातेही ‘मोय’. “झेइ झिंग्त मोय,” “ती सुंदर गाते.” मराठीत तरी दुसरे काय होते? सुंदर गाणे, सुंदर गाते, शब्द एकच. आणखी एक मौजेचा शब्द ‘ख्राख’ हा आहे. “इक लेस ख्राख” याचा अर्थ इंग्रजी पुस्तके “मला वाचणे आवडते” असा देतात, आणि मग आवडण्याचे क्रियापद कोठे गेले म्हणून विद्यार्थी वाक्यात शोध करीत बसतो. मराठी शिक्षकास हा शोध करावाच लागणार नाही. तो सांगेल: “मी आवडीने वाचतो.” ‘ख्राख’ म्हणजे ‘आवडीने’, क्रियाविशेषणास क्रियाविशेषण. संपले!

याहून मोठा पुरावा लहान शब्दांचा आहे. डच माणसाच्या बोलण्यात ‘मार’, ‘एवन’, ‘एन्स’, ‘तोख’ असले चिमुकले शब्द पावलोपावली येतात. त्यांवाचून त्याचे बोलणे कोरडे, किंबहुना उद्धट वाटते. इंग्रजीतून शिकविणारी पुस्तके या शब्दांपाशी येऊन थबकतात, कारण त्यांस नेमका प्रतिशब्द देता येत नाही. पण मराठीकडे पाहा. “वाख्त एवन,” “जरा थांबा.” “कोम एन्स हीर,” “इकडे ये पाहू.” “खा मार झितन,” “बसा ना.” “य कोम्त तोख?” “तू येणार ना?” आमच्या ‘जरा’, ‘पाहू’, ‘ना’, ‘की’, ‘हं’ या अव्ययांनी आज्ञेची विनंती होते, प्रश्नाचा आग्रह होतो, परक्याचे बोलणे आपल्या माणसाचे होते. हीच जादू डच भाषेने आपल्या चिमुकल्या शब्दांत साठविली आहे. ज्या सुनेस “इंग्रजी येत नाही” म्हणून आपण मागे बसविले, तिला हे शब्द पहिल्या आठवड्यात कळतील; कारण सासरी ‘बसा’ आणि ‘बसा ना’ यांतील अंतर तिच्याइतके कोणास कळते?

आता दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची रीत, ज्यास व्याकरणात अप्रत्यक्ष कथन म्हणतात, ती पाहू. “हेइ झेख्त दात हेइ मॉर्खन मेत द त्रेइन नार आम्स्तरदाम खात.” एकेका शब्दाखाली मराठी शब्द ठेवीत चला: तो म्हणतो की तो उद्या आगगाडीने आम्स्टरडॅमला जातो. ‘दात’ म्हणजे ‘की’. आणि ‘की’नंतरच्या गौण वाक्यात डच क्रियापद आपली दुसरी जागा सोडून थेट शेवटी येऊन उभे राहते. मराठीत ते नेहमीच तेथे असते. इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्यास डच भाषेतील सर्वांत अवघड गोष्ट कोणती म्हणून विचारा. तो बहुधा हीच सांगेल. मराठी विद्यार्थ्यास ती सर्वांत सोपी असावयास पाहिजे होती. भाषाशास्त्रज्ञांनीही ही गोष्ट ओळखली आहे. यान कोस्टर या डच पंडिताने १९७५ साली एक निबंध लिहून असे प्रतिपादिले की, डच ही मुळात कर्ता, कर्म, क्रियापद या क्रमाची भाषा असून मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते ते तेथून हलून येते. म्हणजे डच वाक्याचा मूळ साचा तोच, जो आमच्या मराठीचा! असे असता आम्ही मराठी माणसे मात्र तो साचा ज्याने टाकून दिला त्या इंग्रजीकडे मार्ग विचारावयास जातो.

प्रश्नाचे कथन तर अधिकच बोलके आहे. “हेइ व्राख्त ऑफ इक मॉर्खन कोम,” म्हणजे “मी उद्या येतो की काय, असे तो विचारतो.” हा जो ‘ऑफ’, तोच “तेय ऑफ कॉफी?” या वाक्यात “चहा की कॉफी?” असे विचारतो. एकच शब्द विकल्पही दाखवितो आणि विचारलेला प्रश्नही जोडून देतो. आमच्या ‘की’चा संसार असाच आहे. इंग्रजीत या दोन कामांस दोन निरनिराळे शब्द लागतात, आणि विद्यार्थी डच ‘ऑफ’ पाहून गोंधळतो; मराठी विद्यार्थी गोंधळण्याचे कारण नाही.

क्रमाचा विषय निघालाच आहे तर अंकांचीही साक्ष काढू. डच माणूस पंचवीस म्हणताना ‘पाच-आणि-वीस’ म्हणतो, एकवीस म्हणताना ‘एक-आणि-वीस’. घड्याळात अडीच वाजले की तो ‘हाल्फ द्री’, म्हणजे ‘अर्धा तिसरा’ म्हणतो. आणि आमचा ‘अडीच’ हा शब्द तरी संस्कृत ‘अर्धतृतीय’ याचेच झिजलेले रूप नव्हे काय? २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘पंचवीस’ऐवजी ‘वीस पाच’ असे वाचन सुचविले गेले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. पण एकक आधी आणि दशक मागून, ही चाल म्हणजे केवळ आमचे मागासलेपण असे ज्यांस वाटत होते, त्यांनी एकदा हॉलंडातील दुकानात उभे राहून भाव ऐकावा.

येथवर आम्ही साम्येच दाखविली. वाचकांची फसवणूक होऊ नये म्हणून भेदही सांगितले पाहिजेत. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी, हा डच नियम मराठीत नाही. वाक्याचा आरंभ ‘उद्या’ने केला तर “मॉर्खन खा इक नार नाशिक,” म्हणजे शब्दशः ‘उद्या जातो मी नाशिकला’, असे म्हणावे लागते. “मॉर्खन इक खा” हे चूक. मराठी माणसास हे नव्यानेच शिकावे लागेल. पण येथे इंग्रजी तरी कोणते साहाय्य करते? तीही ‘उद्या मी जातो’ असेच शिकविते. तद्वतच मराठीतील विभक्तिप्रत्यय नामामागून येतात, डचमध्ये त्यांचे काम नामापुढील शब्द करतात. तेथे इंग्रजीचे साहाय्य होते, ते आम्ही नाकारीत नाही. नामांची लिंगे हा आणखी एक विषय. डच नामांचे ‘द’ आणि ‘हेत’ असे दोन वर्ग आहेत. ते आमच्या तीन लिंगांशी जुळत नाहीत, म्हणून पाठच करावे लागतात. पण निर्जीव वस्तूसही लिंग असते, ही कल्पना मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. इंग्रजी भाषिकास ती मुळापासून समजावून घ्यावी लागते.

खरा धोक्याचा भेद एकच आहे, आणि तो अप्रत्यक्ष कथनातच आहे. मराठीत बोलणाराचा ‘मी’ आम्ही शाबूत ठेवतो. “रामभाऊ म्हणाले की मी आजारी आहे,” असे म्हटले तर आजारी रामभाऊ, हे लहान मूलही जाणते. डचमध्ये हा ‘मी’ पालटून ‘तो’ होतो, आणि ‘म्हणाला’ असे भूतकाळी सांगितले की पुढचा काळही बहुधा भूताकडे सरकतो: “हेइ झेइ दात हेइ झीक वास.” मराठीच्या सवयीने कोणी “हेइ झेइ दात इक झीक बेन” असे बोलला, तर ऐकणारा रामभाऊंस सोडून या बोलणारालाच वैद्याकडे नेईल! ही चूक मराठी माणूस करणारच. परंतु ती टाळावयाची कशी? मराठीकडे पाठ फिरवून नव्हे, तर मराठीत आपण काय करतो ते डोळसपणे पाहून. ज्यास आपल्या भाषेचा नियम ठाऊक आहे त्यासच दुसरीचा नियम वेगळा आहे हे दिसते. इंग्रजी पुस्तकात या चुकीची सूचना सापडणार नाही, कारण इंग्रज विद्यार्थी ही चूक करीतच नाही. मराठी विद्यार्थ्याच्या चुका ओळखणारे पुस्तक मराठीतच लिहिले गेले पाहिजे.

या ठिकाणी एक कटू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपला हा नियम आपणच विसरत चाललो आहो. “मंत्र्यांनी सांगितले की ते उद्या येतील,” असली वाक्ये आता छापील मजकुरात सर्रास आढळतात. येणार कोण? मंत्री की आणखी कोणी? “आपण उद्या येऊ, असे मंत्र्यांनी सांगितले,” ही मराठीची सरळ रीत. ‘असे’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांनी दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उचलून आणण्याची ही कला संस्कृतातील ‘इति’पासून चालत आलेली आहे. शाळेत इंग्रजी अप्रत्यक्ष कथनाचे तक्ते घोकले गेले, मराठीचे मात्र कोणी सांगितलेच नाही. त्याचा हा परिणाम. जो मनुष्य डच भाषा मराठीशी ताडून शिकेल, त्यास परभाषा तर येईलच, पण स्वभाषेचेही व्याकरण कदाचित् आयुष्यात प्रथमच दिसेल. हा लाभ काही लहान नव्हे.

आता इतिहासाची साक्ष. परभाषेचे व्याकरण शिकणाराच्या व्यवहारभाषेत लिहावे, हे आमच्या देशी आलेल्या परकीयांस चांगले कळत होते. फादर स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. पण त्याने कोंकणीचे व्याकरण लिहिले ते पोर्तुगीज भाषेत, कारण ते शिकणारे पाद्री पोर्तुगीज राज्यातले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. केटेलार हा जन्माने जर्मन, डच कंपनीचा नोकर. त्याने हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण लिहिले ते डच भाषेत. त्याची १६९८ सालची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण इंग्रजीत काढले ते इंग्रज अंमलदारांसाठी. वेंगुर्ल्यास १६३७ साली डचांनी वखार घातली. तिचे भग्न अवशेष आजही तेथे उभे आहेत. त्या काळी व्यापारासाठी आलेला परकीय आपल्या सोयीच्या भाषेतून आमची भाषा शिके. आज त्यांच्या देशी जाणारे आम्ही मात्र आपली भाषा उंबरठ्याबाहेर ठेवून तिसऱ्याच्या भाषेतून त्यांची भाषा शिकू पाहतो.

आणि परकीय कशास, आमचेच वाडवडील पाहा. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण मराठीत रचिले, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांनी त्या शास्त्रास भरभक्कम स्वरूप दिले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेचे मर्म काय होते? मराठी वाक्य घ्यावे, इंग्रजी वाक्य घ्यावे, दोहोंची तुलना करावी. म्हणजे खुद्द इंग्रजी शिकण्यास मराठी पुरली. आणि आज डच शिकण्यास मात्र मराठी अपुरी पडते, तेथे इंग्रजीच पाहिजे, हे तर्कशास्त्र आम्हांस तरी उमगत नाही.

प्रतिपक्षाचे आणखी दोन आक्षेप उरतात. पहिला असा की, हॉलंडात सर्वांस इंग्रजी येते. मग एवढा खटाटोप कशास? कचेरीत आणि बाजारात इंग्रजीवर निभते हे खरे. परंतु शेजारच्या आजीबाईशी, मुलाच्या मित्राच्या आईशी, दवाखान्यातील परिचारिकेशी माणूस म्हणून बोलावयाचे तर त्यांच्या भाषेतच बोलावे लागते. पाहुण्यासारखे दहा वर्षे राहणे आणि शेजारी होऊन राहणे, यांत अंतर आहे. दुसरा आक्षेप असा की, आधुनिक शिक्षणपद्धतीत डच ही डचमधूनच शिकवितात. मराठीही नको आणि इंग्रजीही नको. या पद्धतीशी आमचे भांडण नाही. परंतु प्रौढ मनुष्याचे मन कोरी पाटी नसते. गुरुजी कोणत्याही भाषेत बोलोत, विद्यार्थी आतल्या आत कशाशी तरी ताडून पाहतच असतो. प्रश्न एवढाच, की हे ताडून पाहणे मराठीशी व्हावे की अर्धवट आलेल्या इंग्रजीशी? आमचे उत्तर वर आलेच आहे.

“मराठीत तशी पुस्तके कोठे आहेत?” असेही कोणी विचारील. हा आक्षेप नव्हे, हा आपल्यावरील आरोप आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. डिसेंबर २०२१ मध्ये याच नाशिकात चौऱ्याण्णवावे साहित्यसंमेलन थाटाने भरले. दर वर्षी २७ फेब्रुवारीस आपण आपल्या गावच्या कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठीचा गौरव करतो. हे सर्व योग्यच आहे. पण ज्या भाषेतून दुसरी भाषा शिकता येत नाही, तिचा गौरव फुलांच्या हारांपलीकडे जात नाही. भाषेची थोरवी तिच्यात काय लिहिले गेले यावर ठरते, तितकीच तिच्यातून जगाकडे काय पाहता येते यावरही ठरते.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. शंभर पृष्ठांचे, स्वस्त, सोप्या मराठीत लिहिलेले डच भाषेचे एक प्रवेशपुस्तक निघाले पाहिजे. त्यात तर्खडकरांच्या रीतीने डच वाक्य आणि मराठी वाक्य शेजारी शेजारी असावे. जेथे साम्य आहे तेथे “तुझाच क्रम ठेव” असे सांगावे, आणि जेथे भेद आहे तेथे तांबडी रेघ ओढावी. १८४० पासून ज्ञानदान करीत आलेले सार्वजनिक वाचनालय या गावी आहे. घरबसल्या शिकणारांसाठी १९८९ साली स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ या गावी आहे. हॉलंडात पुष्कळ वर्षे राहून उत्तम डच बोलणारी नाशिकची मुलेमुलीही आज कमी नाहीत. लिहिणारे, छापणारे, शिकविणारे आणि शिकणारे सर्व येथेच आहेत. उणीव आहे ती एवढीच, की मराठीतून हे होऊ शकते यावर आपला विश्वास नाही.

तोवर घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची एकच विनंती आहे. परदेशी निघालेल्या आपल्या मुलीस किंवा सुनेस “आधी इंग्रजी पक्के कर” असे यापुढे सांगू नका. तिच्याजवळ जी भाषा आहे ती या प्रवासास पुरेशी शिदोरी आहे. “इक खा मॉर्खन मेत द त्रेइन,” मी उद्या आगगाडीने... या वाक्याचा अर्धा भाग तिला डच गावाचे नावही माहीत नव्हते तेव्हापासून येतो, हे तिला सांगा. आणि उरलेला अर्धा ती आवडीने, म्हणजेच ‘ख्राख’, शिकेल.